कोऱ्या कागदावरची सही

दिवाळी महिन्यावर आली, की आमच्या इमारतीच्या जिन्यात चकलीच्या भाजणीचा खमंग वास भरून राहतो. तो कोठून येतो हे कोणाला विचारावे लागत नाही. तळमजल्यावर उजव्या हाताला ज्या वहिनी राहतात, त्यांच्या स्वयंपाकघराची मागची खिडकी या दिवसांत पहाटे पाचला उघडते ती रात्री दहाला मिटते. परदेशी पाठवावयाच्या फराळाची पार्सले आधी निघतात. मग ठाण्याची, दादरची. आणि सर्वांत शेवटी इमारतीतल्या आम्हां सोळा बिऱ्हाडांची. यजमान गेल्यावर वहिनींनी या कढईवर मुलाचे शिक्षण केले, घराचे हप्ते फेडले, आणि वर्षातून एकदा आम्हां सर्वांना आपल्या हातचे घरचे आहे असे वाटण्याची सोयही करून दिली. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. हल्ली मला मजले मोजून चढावे लागतात. वास मात्र एका दमात वर येतो.

यंदा हा वास आला आणि मी खिडकी लावून घेतली. सौभाग्यवतीने विचारले, “थंडी वाजते का?” डोंबिवलीत सप्टेंबर महिन्यात थंडी वाजणारा माणूस अजून जन्मावयाचा आहे, हे तिला ठाऊक आहे. तिने उगाच विचारले नव्हते.

झाले ते असे. एप्रिल महिन्यात आम्ही दोघे मुलीकडे सिडनीला गेलो. जाण्याच्या आदल्या रात्री बॅगा बांधून होत होत्या, वजनकाट्यावर लोणच्याच्या बरणीवरून वाद चालला होता, आणि तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. मनुष्य तरुण, कामसू, बोलायला गोड. म्हणाले, “काका, पाच महिने नाही आहात. एका कोऱ्या कागदावर सही ठेवून जा. पुढेमागे बँकेचे, महापालिकेचे काही लागले तर तुम्हांला तिकडे त्रास नको.” मी लोणच्याच्या बरणीवरचे एक बोट पुसले आणि सही केली.

त्याच दिवशी दुपारी जिन्यात वहिनी भेटल्या होत्या. इमारतीला लिफ्ट बसवावयाची चर्चा दोन वर्षे चालू आहे. तळमजला अधिक तीन मजले; इमारत बांधली तेव्हा कोणाला लिफ्टची गरज वाटली नाही, कारण तेव्हा आमचे सर्वांचे गुडघे शाबूत होते. लिफ्टचा मनोरा उभा करता येईल अशी मोकळी जागा मागच्या बाजूस आहे, आणि ती नेमकी वहिनींच्या खिडकीसमोर. मनोरा उभा राहिला की खिडकीतला उजेड गेला, वारा गेला, धूर आत कोंडला, म्हणजे धंदाच गेला. त्या काही बोलल्या नव्हत्या. मीच आपण होऊन म्हणालो होतो, “वहिनी, काळजी करू नका. तुमच्या खिडकीला धक्का लागेल असे काही आम्ही होऊ देणार नाही.” ‘आम्ही’ हा शब्द मी वापरला. मराठीत ‘मी’ म्हणावयाचे टाळावयाचे असले की तो फार उपयोगी पडतो.

आता थोडे सिडनीविषयी. मुलीचा फ्लॅट आहे ती इमारत चाळीस घरांची. आपल्याकडे ज्याला सोसायटी म्हणतो त्याला तिकडे ‘ओनर्स कॉर्पोरेशन’ म्हणतात, आणि या साऱ्या पद्धतीला ‘स्ट्रॅटा’. मजल्यावरचे अधांतरी घर स्वतंत्र मालकीने विकता यावे यासाठी न्यू साउथ वेल्स राज्याने १९६१ साली कायदा केला आणि तो पुढे अनेक देशांनी उचलला. मला मौज वाटली ती अशी, की आपला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. दोन दूरच्या मुलुखांत लोक एकाच सुमारास एका छपराखाली राहण्याचे नियम लिहीत बसले होते. नियमांत मात्र एक मोठा फरक राहिला. आपल्या कायद्याच्या २७ व्या कलमाने सांगितले, की सभासदाला एकच मत, आणि ते त्याने स्वतः दिले पाहिजे, प्रॉक्सीने नव्हे. तिकडे प्रॉक्सी चालते. सभेला येता येत नसेल तर ठरावीक नमुन्यात लिहून द्यावे, की माझ्या वतीने अमुक मनुष्य मत देईल.

जुलै महिन्यात त्या इमारतीची वार्षिक सभा होती. मुलीला रजा नव्हती, जावई म्हणाला, “बाबा, तुम्ही नुसते येऊन बसा, तेवढीच करमणूक.” मी गेलो. चाळीस घरांपैकी नऊजण प्रत्यक्ष, चारजण संगणकाच्या पडद्यावर, आणि उरलेल्यांपैकी कित्येक जण कागदांच्या रूपाने हजर! शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईंनी मला जुन्या दिवसांची हकीकत सांगितली. पूर्वी म्हणे एखादा हुशार गृहस्थ सभेआधी महिनाभर दारोदार हिंडे, गोड बोले, आणि प्रॉक्सींचा गठ्ठा काखोटीला मारून सभेस येई. मग सभा कसली? तो एकटा हात वर करी, आणि तो हात वीस जणांचा असे. रंगाचे कंत्राट कोणाला द्यावयाचे, दुरुस्ती यंदा करावयाची की पुढच्या वर्षी ढकलावयाची, समितीवर कोण बसावयाचे, सारे त्या काखोटीत ठरे. या उद्योगाला तिकडे नावच पडले होते, ‘प्रॉक्सी फार्मिंग’, म्हणजे प्रॉक्सीची शेती. अखेर २०१५ साली केलेल्या नव्या कायद्याने या शेतीवर कमालजमीनधारणा आणली. वीसपर्यंत घरे असतील तर एका मनुष्याकडे एकच प्रॉक्सी, त्याहून अधिक असतील तर एकूण घरांच्या शेकडा पाच. म्हणजे आमच्या चाळीस घरांच्या इमारतीत दोन. शिवाय, इमारतीचा व्यवस्थापक स्वतःच्या आर्थिक लाभाच्या प्रश्नावर दुसऱ्याची प्रॉक्सी वापरू शकत नाही. ज्या अर्थी असे कलम घालावे लागले, त्या अर्थी व्यवस्थापक पूर्वी काय करीत असतील हे वाचकांनीच ताडावे.

रात्री जेवताना मी यावर बरेच व्याख्यान दिले. आपला कायदा कसा श्रेष्ठ, आपण मूळ तत्त्व कसे ओळखले, वगैरे. इंग्लंडात रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली दुकान काढले तेव्हा भांडवल कोणाचे किती हे न पाहता माणशी एक मत ठेवले. आपल्याकडे श्रीपाद सुब्राव तालमकींनी १९१५ साली गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी केली ती याच तत्त्वावर. ही सारी माहिती मी जावयाला ऐकवली. तो बिचारा मान हलवीत होता. मला वाटते, त्याचे लक्ष वरणाकडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर आमच्या सोसायटीच्या गटात निरोप आला: ‘लिफ्टचा ठराव मंजूर. सर्व सभासदांचे अभिनंदन.’ खाली इतिवृत्ताच्या पानाचे छायाचित्र होते. हजर सभासद अकरा. ठरावाच्या बाजूने पाच, विरुद्ध सहा. विरुद्धचे सहा म्हणजे तळमजल्यावरचे चार आणि पहिल्या मजल्यावरचे दोन. आणि त्याखाली एक ओळ: ‘गैरहजर सभासदांपैकी तिघांची लेखी संमतिपत्रे वाचून दाखविण्यात आली. एकूण आठ विरुद्ध सहा मतांनी ठराव संमत.’ तिघांत माझे नाव दुसरे होते.

कोऱ्या कागदाच्या वरच्या भागात कोणी काय टंकित केले होते ते मी पुढे ऑगस्टमध्ये परतल्यावर पाहिले. मजकूर मोठा शिष्टसंमत होता. ‘मी लिफ्टच्या कामास माझी पूर्ण व विनाशर्त संमती देत आहे.’ विनाशर्त हा शब्द मी आयुष्यात कधी वापरलेला नाही. पण खाली सही माझीच, लोणच्याचा तेलकट डागही माझाच.

कायद्याने पाहिले तर ही संमतिपत्रे मतमोजणीत धरताच येत नव्हती. सभेतल्या कोणी हरकत घेतली असती तर तिथेच प्रश्न मिटला असता. पण सोळा बिऱ्हाडांत उपविधी वाचलेला मनुष्य एक, आणि तो सिडनीत व्याख्यान देत होता. असो. कायद्याची बाजू येथे मला फारशी सांगावयाची नाही. मला छळतो तो प्रश्न निराळा आहे.

माझी उभी हयात पोस्टात गेली. नोकरीची पहिली वर्षे राजापूर तालुक्यातल्या एका खेडेगावात काढली. तेव्हा त्या गावातली पुरुषमाणसे मुंबईच्या गिरण्यांत, आणि गावात राहत बायका, म्हातारी आणि पोरे. महिन्याच्या दहा तारखेनंतर मनिऑर्डरी येत. घेणारणीला सही येत नसली तर अंगठा आणि साक्षीदार. कुपनावर नवऱ्याने दोन ओळी लिहिलेल्या असत त्या मी वाचून दाखवीत असे, आणि उत्तराचे कार्डही मीच लिहीत असे. दुसऱ्याचा आवाज होणे म्हणजे काय, हे मी तेथे शिकलो.

एक बाई होती. तिचा धाकटा मुलगा तापाने फणफणला होता. तिने कार्डावर लिहावयास सांगितले, “सगळे खुशाल आहे, पैसे पोचले.” मी तरुण होतो, शहाणा होतो. मुलाची अवस्था मला दिसत होती. मी खाली स्वतःच्या बुद्धीने एक ओळ घातली, की मुलाला बरे नाही. चार दिवसांनी नवरा रजा न घेता गिरणी सोडून गावी आला. मुलगा तोवर उठून खेळायला लागला होता. मुंबईला मात्र बदलीचे काम गेले. बाई पोस्टाच्या ओट्याशी उभी राहून म्हणाली, “मी सांगितलं तेवढंच लिवायचं, मास्तर. वरचं तुम्ही कोणाच्या तोंडानं लिवलंत?” मला आजही वाटते, की मुलगा दगावला असता तर ती ओळ पुण्यकर्म ठरली असती. पण तिचा प्रश्न त्याने पुसला गेला नसता. तोंड तिचे होते.

तेव्हापासून मी एक भेद मनाशी धरून चाललो. निरोप्या वेगळा आणि मुखत्यार वेगळा. निरोप्याच्या हाती बंद पाकीट असते. ते त्याने जसेच्या तसे पोचवावे. मुखत्याराच्या हाती अधिकार असतो. त्याने आपली अक्कल वापरावी, पण धन्याच्या हिताला जागावे. भरताने रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून नंदिग्रामातून चौदा वर्षे राज्य चालवले, ते मुखत्याराचे शिखर. पण कोऱ्या कागदावर सही घेणारा या दोहोंत कोठेच बसत नाही. त्याच्याजवळ निरोप नाही, कारण मी काही सांगितलेले नाही. आणि धन्याचे हित त्याने पाहावे असेही मी त्याला म्हटलेले नाही. मी त्याला नुसता हात तोडून दिला.

कंपन्यांच्या सभांत प्रॉक्सी चालते, हे वाचकांना ठाऊक असेल. पूर्वी भागधारकांच्या घरी वार्षिक अहवालाबरोबर प्रॉक्सीचा फॉर्म येई, आणि महसुली तिकिटाची चौकट रिकामी ठेवून आपण तो रद्दीत टाकीत असू. तिथेही २०१३ च्या कायद्याने बंधने आहेत: एका मनुष्याने पन्नासांहून अधिक भागधारकांची प्रॉक्सी घेऊ नये, आणि प्रॉक्सीने सभेत बोलू नये. मला हे शेवटचे बंधन विलक्षण वाटते. मत द्यावे, पण बोलू नये. पैशाच्या बाबतीत ते चालून जाते, कारण पैशाला कोणाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागत नाही. सैनिकांना निवडणुकीत प्रॉक्सीची सोय २००३ सालापासून झाली आहे; सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला मतदानाला ये म्हणणे क्रूरपणाचे, हे कोणीही मान्य करील. पण शेजाऱ्याच्या खिडकीचा प्रश्न या दोन्ही जातींचा नाही. तेथे मत म्हणजे काय? मनात आधीच ठरलेली एक आवड, जी पाकिटात घालून कोणाबरोबरही पाठवता येते? की समोरच्याचे ऐकून घेतल्यावर जो हात वर होतो, किंवा होत नाही, तो?

पुरुषोत्तमाच्या महिन्यात आमच्याकडे सत्यनारायण होई, तेव्हा गुरुजी म्हणत, “मम म्हणा,” आणि वडील “मम” म्हणत. मंत्र गुरुजींचे, उच्चार गुरुजींचे, वडिलांच्या वाट्याला तेवढा एक शब्द. लहानपणी मला ते फसवे वाटे. आता वाटते, त्या एका शब्दासाठी वडिलांना उपाशीपोटी, सोवळे नेसून, तीन तास पाटावर बसावे लागे. आणि आई त्यांच्या हाताला हात लावून शेजारी असे. शब्द उसने चालत. बसणे उसने चालत नसे.

आता महाभारतातली द्यूतसभा आठवून पाहा. आपण सारे शकुनीच्या फाशांविषयी बोलतो, पण त्याआधी घडलेली एक लहानशी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. दुर्योधन म्हणतो, की रत्ने आणि धन मी लावीन, पण माझ्या वतीने मामा खेळेल. हीच ती प्रॉक्सी. आणि युधिष्ठिराला ते तेव्हाच खटकते. एकाने दुसऱ्याकरिता खेळणे मला ठीक दिसत नाही, असे तो बोलूनही दाखवतो. आणि मग खेळायला बसतो! पुढचे सारे अनर्थ आपल्याला पाठ आहेत. शेवटी द्रौपदी पणाला लागते, तिला न विचारता, ती सभेत नसताना. आणि ओढून आणल्यावर ती जो प्रश्न विचारते तोही अधिकाराचाच असतो, की स्वतःला आधी हरलेल्याला मला पणाला लावण्याचा हक्क कोठून आला? सभेत उत्तर देण्यास योग्य अशी वडीलधारी माणसे पुष्कळ होती. ती स्वतः हजर होती, प्रॉक्सीने नव्हे, आणि तरी गप्प बसली. हे आठवले की माझा युक्तिवाद लंगडा पडतो, हे मी कबूल करतो. नुसते हजर राहिल्याने काही होत नाही. आमच्या सभेतले अकरा जणही हजरच होते, आणि तीन कागद वाचले जात असताना त्यांतला एकही जण उठून म्हणाला नाही, की हे कागद कोणाच्या तोंडाने बोलताहेत.

तरीदेखील त्यांचा दोष मला माझ्या दोषापुढे हलका वाटतो. सिडनीत ते इतिवृत्त वाचल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया संतापाची होती. फसवले, विश्वासघात केला, असे मी मोठ्याने म्हणालो. सौभाग्यवती स्वेटर विणीत होती. तिकडे जुलैत खरोखरच थंडी असते. तिने मान वर न करता विचारले, “तुम्हांला लिफ्ट नको होती का?”

त्या प्रश्नाला मी अजून घरात उत्तर दिलेले नाही. येथे देतो. मला लिफ्ट हवी होती. बाजारातून येताना दुसऱ्या मजल्यावरच्या कठड्याला टेकून मी किती वेळा उभा राहिलो आहे ते त्या कठड्याला ठाऊक. पण सभेत वहिनींच्या समोर हात वर करणे माझ्याने झाले नसते. आणि हात खाली ठेवणेही जिवावर आले असते. सेक्रेटरी कोरा कागद घेऊन आले तेव्हा मला खरोखरच बँक आणि महापालिका एवढेच दिसत होते का? चाळीस वर्षे पोस्टात काढलेला मनुष्य. कोऱ्या फॉर्मवर अंगठा घेऊ नये म्हणून हाताखालच्या पोस्टमनांना मी लेखी तंबी दिलेली आहे. त्या रात्री माझ्या मनाच्या कोणत्या तरी कोपऱ्यात ठाऊक असले पाहिजे, की मी येथे नसताना काही ठरेल, मला हवे तेच ठरेल, आणि वहिनींना दिलेला शब्द मात्र माझ्या तोंडात स्वच्छ राहील. सेक्रेटरींनी माझ्या सहीचा गैरवापर केला हे खरे. पण माझ्या मनातली नेमकी इच्छा त्यांनी कशी ओळखली? प्रॉक्सीचा गैरवापर म्हणून ज्याची ओरड होते, त्यातला काही भाग तरी असा असावा, की देणाऱ्याला जे स्वतः करवत नाही ते घेणाऱ्याने त्याच्यासाठी करून टाकलेले असते. मग देणारा ओरडतो, तोही वापराचाच भाग.

परतल्यावर तीन दिवस मी खाली उतरताना वहिनींच्या दारासमोरून भरभर गेलो. गुडघे दुखतात अशा माणसाला भरभर जाणे सोपे नसते. चौथ्या दिवशी दार उघडे होते. त्या चिवड्याचे पोहे भाजीत होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, या. मुलगी कशी आहे? गुडघे काय म्हणतात?” चिवडा अजून कालवावयाचा होता, तरी बशीत भाजलेले पोहे आणि खोबऱ्याचे दोन काप दिले. मी सगळे सांगितले. कोरा कागद, बरणी, सिडनीची सभा. घरात जे बोललो नव्हतो तेही थोडेसे सांगितले. त्यांनी गॅस बारीक केला.

“तुम्ही सभेत उभे राहून म्हणाला असतात ना,” त्या म्हणाल्या, “की वहिनी, मला आता जिना चढवत नाही, तर मी काय तुम्हांला चढा म्हटले असते? खिडकीचे काहीतरी बघितले असते. मनोरा हातभर सरकवता येतो का, धुराड्याचा पाइप वर नेता येतो का. पण मला कोणी विचारलेच नाही. कागद वाचला. कागदाला मी काय विचारणार?”

मी सोसायटीला पत्र लिहिले, की माझ्या नावे वाचलेली संमती माझी नाही, ती मोजू नये, आणि विशेष सभा बोलवावी. पत्राची प्रत फलकावर लागली आणि मग माझी जी शोभा झाली ती सांगण्यासारखी नाही. सेक्रेटरी म्हणाले, “काका, ठेकेदाराला अनामत देऊन झाली. तुमच्याच सोयीसाठी केले ना?” त्यांचा चेहरा खरोखर दुखावलेला होता, आणि मला त्यांची थोडी कीवही आली. इमारतीचे नळ, गच्ची, पाण्याची बिले हा एकटा मुलगा सांभाळतो. आम्ही पंधरा जण त्याला कागद सोपवून मोकळे होतो, आणि मग तो कागद त्याने कसा वापरला याची चौकशी करतो. कोरम भरत नाही म्हणून अर्धा तास थांबून तहकूब सभा घेणे हा आमचा वार्षिक सोहळा आहे. मी स्वतः किती सभांना गेलो, हे हजेरीपुस्तकात पाहावयाचे धैर्य मला झाले नाही.

माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांनी तर बोलणेच सोडले आहे. त्यांच्या आईचे वय सत्त्याऐंशी. तिला डॉक्टरकडे न्यावयाचे म्हणजे खुर्चीत बसवून दोघांनी तीन जिने उतरवावयाचे. गेल्या पावसाळ्यात एकदा खुर्ची कलली. ते मला एवढेच म्हणाले, “तुमचे मन स्वच्छ झाले. आईचे काय?” याला मजजवळ उत्तर नाही. ती म्हातारी स्वतः सभेला येऊ शकत नाही. तिला खाली आणणे हाच तर प्रश्न आहे. जो कायदा ‘स्वतः या’ म्हणतो, तो तिला काय सांगणार? तिच्या मुलाचे नाव भागपत्रावर आहे म्हणून तिची बाजू निदान सभेत बोलली जाते. नसते तर? अशा माणसाने आपला निरोप, बंद पाकिटातला, स्पष्ट शब्दांतला, कोणाहाती पाठवला तर मी तरी तो नाकारू म्हणणार नाही. सिडनीच्या लोकांनी शेती बंद केली पण परसातले एक-दोन वाफे राहू दिले, त्यात काही शहाणपण असावे असे आता मला वाटते. व्याख्यानाच्या रात्री वाटले नव्हते.

इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभेचे चित्रीकरण करावे, असे आपल्या सरकारने २००९ सालच्या निर्देशांत सांगून ठेवले. त्या वेळी तीन चतुर्थांशांची संमती लागे; २०१९ साली ती एक्कावन्न टक्क्यांवर आली; चित्रीकरण राहिले. पूर्वी मला हे सरकारी संशयाचे लक्षण वाटे. आता वाटते, हात कोणी वर केला याबरोबरच तो वर करताना चेहरा कोणाकडे होता, हेही कॅमेऱ्यात येत असेल.

विशेष सभा भाऊबीजेनंतरच्या रविवारी आहे. मी जाणार आहे, जिन्याच्या तीन उतरणी उतरून. मनोरा हातभर सरकवता येतो की नाही हे विचारायला एक अभियंता येणार आहेत. सरकवला तर खर्च वाढतो आणि पहिल्या मजल्यावरच्या एकांची गॅलरी जाते म्हणतात. मी कोणत्या बाजूने हात वर करणार असे सौभाग्यवतीने काल पुन्हा विचारले. मी म्हटले, ऐकून ठरवीन. ती म्हणाली, “कोणाचे?” आणि करंज्यांचे सारण ढवळू लागली.

आज सकाळी सभेची नोटीस घेऊन पहारेकरी वर आला. पोचीच्या वहीत सही करावयाची असते. तो तळमजल्यापासून सुरुवात करतो, त्यामुळे पान निम्मे भरले होते. वहिनींची सही वरून तिसरी होती. ती त्यांनी मध्येच हात पुसून केलेली असावी, कारण शेजारी तेलाचा एक गोल ठसा उमटला होता, अगदी मनिऑर्डरीवरच्या अंगठ्यासारखा. मी चष्मा लावला, नोटिशीतला मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पहारेकरी ताटकळत उभा होता. त्याला अजून समोरच्या दारी जावयाचे होते. मग सही केली, आणि खाली तारीख व वेळ घातली.